यंत्रकक्षातल्या माणसाच्या नावाचे जहाज

खडकी, पुणे

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा तुला इंजिनिअरिंग शाखा मिळाल्याचे तू सांगितलेस, आणि त्यापाठोपाठ, वर डेकवर तोफांपाशी राहायला मिळाले असते तर बरे झाले असते, खाली इंजिनरूममध्ये समुद्रसुद्धा दिसणार नाही, असेही म्हणालीस. चिल्काच्या नौदल प्रशिक्षण तळावरून तुम्हांला बोलायला मिळणारा वेळ थोडा, त्यात आजीने आणि आईने फोन हातचा सोडला नाही, त्यामुळे मला जे सांगायचे होते ते राहून गेले. ते सवडीने आणि नीट सांगण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतले. तुझी समजूत काढावी असा माझा विचार नाही. तुझ्याच शाखेतल्या एका खलाशाचे नाव एका देशाच्या नौदलाने आपल्या जहाजाला दिले आहे. त्याची हकिकत तुला पुरती ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. त्या हकिकतीत आपल्या नौदलाचा, एका मराठी अधिकाऱ्याचा आणि आपल्या हवाईदलाचाही भाग आहे, आणि तो सगळाच अभिमानाने सांगण्यासारखा नाही. तरीही सगळे सांगतो.

जहाजाचे नाव बीएनएस शहीद रुहुल अमीन. हे जहाज बांगलादेशाच्या नौदलाचे.

रुहुल अमीन यांचा जन्म 1935 सालचा, नोआखाली जिल्ह्यातल्या बाघपांचरा गावातला. 1953 मध्ये ते पाकिस्तानच्या नौदलात खलाशी म्हणून भरती झाले, कराचीत शिकले, आणि यंत्रांवर काम करत करत इंजिनरूम आर्टिफिसर या हुद्द्याला पोहोचले. हा अधिकाऱ्याचा हुद्दा नाही. ज्याला इंजिन उघडता येते, बिघाड ओळखता येतो, हाताशी असेल त्या सामानात ते पुन्हा चालू करता येते आणि चालू ठेवता येते, अशा कसबी माणसाचा तो हुद्दा आहे. आपल्याकडे कारखान्यात अशा माणसाला जो मान असतो तो तू माझ्याबरोबर येऊन लहानपणी पाहिला आहेस. इंजिन टेस्टबेडवर चढवल्यावर साहेब लोक काट्यांकडे बघत असत, आणि आमचा हेडफिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावत असे. तो मान हलवेपर्यंत पुढच्या कागदावर सही होत नसे. रुहुल अमीन यांच्याविषयी वाचताना माझ्यासमोर सारखा तोच माणूस येत राहिला.

1968 पासून ते चितगावच्या नाविक तळावर होते. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली, आणि त्यांच्याच सैन्यातल्या, नौदलातल्या बंगाली माणसांना कोणत्या बाजूला राहायचे ते ठरवणे भाग पडले. त्याच महिन्यात पाकिस्तानची एक पाणबुडी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात होती. तिच्यावरचे बंगाली खलाशी ती सोडून पळाले आणि त्यांतले आठ जण भारतात येऊन पोहोचले. रुहुल अमीन यांनीही आपला तळ सोडला, सरहद्द ओलांडून त्रिपुरा गाठला आणि बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या दोन क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, म्हणजे युद्धविभागात, ते दाखल झाले. ज्या माणसाची अठरा वर्षे इंजिनांमध्ये गेली तो माणूस तिथे जमिनीवरच्या लढाईत उतरला, कारण तेव्हा बांगलादेशाकडे नौदल नव्हते आणि जहाजही नव्हते.

ते जहाज भारताने दिले. कलकत्ता बंदराच्या कामातल्या दोन बोटी घेऊन गार्डन रीचच्या गोदीत त्यांच्यावर 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या गेल्या, सुरुंग टाकण्याची सोय केली गेली, आणि त्यांची नावे 'पद्मा' आणि 'पलाश' अशी ठेवण्यात आली. वेगवेगळ्या सेक्टरांत विखुरलेल्या बंगाली नौसैनिकांना गोळा करून आणि भारतीय नौदलाची काही माणसे सोबत देऊन या बोटींवर नेमण्यात आले. रुहुल अमीन यांच्याकडे 'पलाश'ची इंजिनरूम आली. या ठिकाणी मी थोडा थांबतो, कारण इतिहासाच्या पुस्तकांत हे एका वाक्यात उरकलेले असते. बंदरातल्या कामासाठी बांधलेली बोट ही गोदीच्या आसऱ्याने चालणारी बोट असते. काही बिघडले तर ती धक्क्याला लागते आणि वर्कशॉपमधला माणूस येतो. तिच्यावर तोफा चढल्या, दारूगोळा चढला, नेहमीपेक्षा जास्त माणसे चढली, आणि तिला शत्रूच्या नदीत, भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यात, धक्का नाही आणि वर्कशॉप नाही अशा ठिकाणी दिवसचे दिवस चालायला सांगितले, म्हणजे वाढलेल्या वजनाचा आणि न ठरलेल्या कामाचा सगळा ताण शेवटी इंजिनावर आणि ते सांभाळणाऱ्या माणसावर येतो. वरची तोफ उडाली की तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. इंजिन मात्र बंद पडले तरच ते होते हे लोकांच्या लक्षात येते. मी आयुष्यभर इंजिनेच जोडली, म्हणून मला ही बाजू जास्त दिसत असेल. पण ती खरी आहे.

या दोन बोटींबरोबर भारतीय नौदलाची एक लहान गस्ती नौका होती, आयएनएस पनवेल. आपण मुंबईला जाताना ज्या पनवेलवरून जातो त्याच गावाचे नाव त्या नौकेला होते. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा, आणि सगळ्या ताफ्याचे प्रमुख कमांडर मोहन नारायण सामंत. हे आपले मराठी अधिकारी. मूळचे पाणबुडीवाले, आयएनएस करंज ही पाणबुडी नौदलात आली तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. 1971 च्या उन्हाळ्यापासून बंगाली तरुणांना पाण्याखालून जाऊन जहाजांना सुरुंग चिकटवण्याचे शिक्षण देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्या तरुणांनी 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांवर एकाच वेळी घाला घातला. तो सगळा विषय मोठा आहे. पुढे कधीतरी सुट्टीवर येशील तेव्हा निवांत बोलू.

डिसेंबरात उघड युद्ध सुरू झाल्यावर हा ताफा सुंदरबनातल्या खाड्यांमधून आत शिरला. 10 डिसेंबरच्या सकाळी मोंगला बंदर हाती आले, आणि बोटी तशाच नदीने वर खुलनाच्या दिशेने निघाल्या. तिथे पाकिस्तानी नौदलाचा तळ होता. दुपारी बाराच्या सुमारास, खुलनाच्या जहाजबांधणी कारखान्याजवळ त्या पोहोचत असताना आकाशात विमाने दिसली.

बाळ, ती विमाने भारतीय हवाईदलाची होती. आपल्या बोटी ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर पिवळी खूण केलेली होती, आणि ताफ्यातल्या माणसांना आपली विमाने आपल्यावर हल्ला करतील असे वाटण्याचे कारण नव्हते. तरीही वैमानिकांनी त्यांना शत्रूच्या गनबोटी समजून त्यांच्यावर हल्ला केला. आधी 'पद्मा'वर मारा झाला, मग 'पलाश'वर. 'पनवेल' वाचली आणि पाण्यात पडलेल्यांना उचलण्याचे काम तिने केले. ही गोष्ट आपल्याकडे युद्धाच्या कौतुकाच्या लेखांमधून पुष्कळदा गाळली जाते, आणि मला ते मान्य नाही. ज्यांनी चूक केली ते वैमानिकही आपला जीव धोक्यात घालूनच उडत होते. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. पण ज्या माणसांनी आपल्या भरवशावर त्या नदीत बोटी घातल्या त्यांच्या मरणाचे कारण झाकून त्यांचा गौरव करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तू नौदलात जाते आहेस. समुद्रात किंवा नदीत असलेल्या माणसाचा जीव दुसऱ्या ठिकाणी बसलेल्या माणसाने नकाशावर ओढलेल्या रेघेवर आणि वेळेवर पोहोचलेल्या निरोपावर किती अवलंबून असतो, हे तुला पहिल्यापासून माहीत असलेले बरे.

'पद्मा'ला आग लागलेली पाहून 'पलाश'च्या कप्तानाने आपल्या माणसांना बोट सोडण्याचा हुकूम दिला. बांगलादेशात जी हकिकत सांगितली जाते तिच्यानुसार रुहुल अमीन यांनी बोट सोडायला नकार दिला, इतरांनाही थांबायला सांगितले, आणि ते खाली इंजिनरूममध्ये आपल्या जागेवर गेले. बोट चालती राहिली तर ती वाचवता येईल, असा त्यांचा विचार होता. तू खाली समुद्र दिसणार नाही म्हणालीस, ते अगदी खरे आहे. त्यांनाही त्या वेळी आकाश दिसत नव्हते, विमान कुठल्या बाजूने वळते आहे हे दिसत नव्हते. वर उभा असलेला माणूस निदान संकट पाहून अंग चोरू शकतो. खालच्या माणसाला फक्त इंजिनाचा आवाज असतो, पायाखालच्या पत्र्याची थरथर असते, आणि जे येईल ते अंगावर आल्यावरच कळते. त्यांच्या इंजिनरूमवरच मारा झाला, आग पेटली, ते गंभीर जखमी झाले. तशा अवस्थेत ते नदीत उतरले आणि पोहत काठाला लागले. काठावर पाकिस्तानला मिळालेले रझाकार उभे होते. त्यांनी त्यांना तिथेच ठार केले.

खुलनातल्या पाकिस्तानी फौजेने 17 डिसेंबरला शस्त्रे खाली ठेवली, म्हणजे ढाक्यातल्या शरणागतीनंतर एका दिवसाने. रुहुल अमीन यांना जाऊन तेव्हा एक आठवडा झाला होता. रूपसा नदीच्या काठी बागमारा गावाजवळ त्यांची कबर आहे आणि तिच्या शेजारी त्याच ताफ्यातल्या मोहिबुल्ला यांची.

हे वाचून तुझ्या मनात जो प्रश्न येईल तो माझ्याही मनात आला, आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कप्तानाने बोट सोडा म्हटल्यावर खाली जाणे योग्य होते का? तुम्हांला तिथे पहिल्या दिवसापासून हुकूम पाळायला शिकवतात, आणि तेच बरोबर आहे, कारण हुकूम पाळला जाईल या विश्वासावरच बाकीच्या साऱ्यांचे प्राण अवलंबून असतात. कप्तानाचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. जळत्या बोटीवरून माणसे वेळेत उतरवणे हे त्याचे कर्तव्यच होते. आणि तरीही रुहुल अमीन यांच्याकडे पाहताना मला शिस्त मोडणारा माणूस दिसत नाही. त्यांनी बोट मिळवण्यासाठी काय काय सोडले होते ते लक्षात घे. त्यांच्या देशाच्या नौदलाकडे त्या दिवशी दोनच बोटी होत्या, त्यांतली एक डोळ्यांसमोर जळत होती, आणि दुसरीचे इंजिन त्यांच्या हातात होते. आपण गेलो की ती जागच्या जागी थांबणार आणि मग तिला कोणीही वाचवू शकणार नाही, हे त्या बोटीवर सगळ्यांत नीट त्यांनाच कळत असणार. हा निर्णय त्यांनी आपल्या जिवावर घेतला. मी त्यांना मनापासून वंदन करतो. तुझ्याकडून मात्र मी अशी कुठलीही अपेक्षा धरत नाही, हे तुझा बाप म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. वर या असा हुकूम झाला की तू वर यायचे.

त्याच दुपारी त्याच पाण्यात आपल्या नौदलाचा एक खलाशी होता, लीडिंग सीमन चिमण सिंग. त्याची बोट बुडाली, तो तुकडे लागून जखमी झाला आणि पाण्यात फेकला गेला. काठावरून पोहणाऱ्यांवर गोळीबार चालू होता. आपल्यापैकी एक अधिकारी जखमी असल्याने त्याला तरंगत राहता येत नाही असे चिमण सिंगने पाहिले, तो त्याच्याकडे गेला आणि गोळ्यांच्या माऱ्यात त्याला काठापर्यंत घेऊन आला. काठाला लागल्यावर तो स्वतः शत्रूच्या दिशेने धावला, त्यांचे लक्ष आपल्याकडे ओढून घेतले, आणि त्यामुळे त्याच्या दोन साथीदारांना निसटता आले. तो पकडला गेला, बांगलादेश मुक्त झाल्यावर सुटला आणि रुग्णालयात दाखल झाला. या मोहिमेसाठी सामंत, नोरोन्हा आणि चिमण सिंग या तिघांनाही महावीरचक्र मिळाले. पदकाच्या यादीत ताफ्याचा प्रमुख आणि एक लीडिंग सीमन शेजारी शेजारी उभे आहेत, हे मला फार मोलाचे वाटते, आणि तुझ्या बॅचमधल्या प्रत्येकीला हे नाव पाठ असावे असे वाटते.

आता जहाजाच्या नावाकडे येतो. बांगलादेश सरकारने 15 डिसेंबर 1973 रोजी वीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च युद्धसन्मान सात जणांना जाहीर केला. सातही जणांना तो मरणोत्तर मिळाला, आणि नौदलातून त्यांत एकटे रुहुल अमीन होते. नौदलाने जहाजाला त्यांचे नाव दिले, ते जहाज जुने झाल्यावर तेच नाव दुसऱ्या जहाजाला दिले, जसे आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. मोहिबुल्ला यांच्या नावाचीही एक गस्ती नौका त्यांच्याकडे होती. शहीद रुहुल अमीन या जहाजाचा उपयोग नव्या दमाच्या नौसैनिकांना शिकवण्यासाठी केला गेला, आणि हे मला सगळ्यांत योग्य वाटते. जो मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा समुद्रावर जाणार, ज्यांना ओकाऱ्या होणार, ज्यांना घर आठवणार, ते त्या दिवशी एका इंजिनरूममधल्या माणसाच्या नावावर उभे असणार.

नावाचे काय एवढे, असे कोणी विचारील. चौकातल्या पुतळ्याला जयंती-पुण्यतिथीला हार पडतो. जहाजाचे नाव त्याच्या रोजच्या व्यवहारात असते. वंगणाच्या पिंपाच्या मागणीपत्रावर ते असते, फुटलेल्या गॅस्केटच्या जागी नवे मागवताना ते लिहावे लागते, इंजिनाच्या तासांच्या नोंदवहीवर ते असते, खलाशाच्या सुट्टीच्या अर्जावर असते, बंदरात शिरताना ते बिनतारीवरून उच्चारले जाते. मी कारखान्यात इतकी वर्षे जॉबकार्डे भरली. एखाद्या चांगल्या कारागिराचे नाव त्या कार्डांवर कायम राहिले असते तर त्याचा त्याहून मोठा सत्कार मला सुचला नसता.

अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. अमेरिकेच्या नौदलात डोरिस मिलर नावाचा एक तरुण होता. तो कृष्णवर्णीय होता आणि त्या काळी अशा माणसांना नौदलात भटारखान्याच्या आणि अधिकाऱ्यांच्या सेवेच्या कामापलीकडे फारसे काही मिळत नसे. 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला तेव्हा तो वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेवर धुवायचे कपडे गोळा करत होता. त्याने जखमींना हलवले, मरणाच्या दारात असलेल्या कप्तानाला सुरक्षित जागी नेण्यास मदत केली, आणि जी मशीनगन चालवण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेच नव्हते ती विमानांवर चालवली. मे 1942 मध्ये अॅडमिरल निमित्झ यांनी त्याच्या छातीवर नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक लावले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या जहाजावर असताना तो मारला गेला. आधी एका फ्रिगेटला त्याचे नाव मिळाले, आणि 2020 मध्ये अमेरिकेने जाहीर केले की अणुशक्तीवर चालणाऱ्या एका नव्या विमानवाहू नौकेला त्याचे नाव देण्यात येईल. तिथे अशा नौकांना बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्षांची नावे असतात.

आपल्या नौदलाची रीत वेगळी आहे. आपल्या युद्धनौकांना शहरांची, पर्वतांची, नद्यांची, शस्त्रांची नावे असतात. माणसांची नावे आपण मुख्यतः किनाऱ्यावरच्या तळांना देतो, शिवाजी, आंग्रे, कुंजाली अशी. म्हणून आपल्याकडे माणसाची आठवण जहाजाच्या नावामागे चालते. रुहुल अमीन गेले त्याच्या आदल्याच रात्री, 9 डिसेंबरला, दीवजवळ आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, आणि त्यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 खलाशी. मुल्लांचे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि ते असायलाच हवे. त्या 176 जणांत इंजिनरूममधले, बॉयलररूममधले किती असतील याचा विचार मात्र फारसा होत नाही, आणि जहाज काही मिनिटांत बुडते तेव्हा खालच्या माणसांना वर यायला वेळच मिळत नाही. पुढे 1989 मध्ये नवी खुकरी आली, तिनेही आपली सेवा पुरी केली, आणि आता ती दीवलाच स्मारक म्हणून उभी आहे.

माणसाच्या नावाची जहाजे आपल्या देशात सापडतात ती व्यापारी ताफ्यात. 1980 च्या दशकात शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावे दिली. त्यांत एक रामा राघोबा राणे यांच्या नावाचे होते. राणे हे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचे. 1948 मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढत आणि अडथळे हटवत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला, आणि त्यांचे शेवटचे दिवस पुण्यातच गेले. तेही अवजारांनीच, हाताने काम करणारे वीर होते. नौदलाला परमवीरचक्र अजून मिळालेले नाही, त्यामुळे त्या यादीत खलाशाचे नाव नाही. चिमण सिंग यांच्यासारख्याचे नाव एखाद्या लहानशा का होईना युद्धनौकेला द्यावे, असे मला फार वाटते. रीत आड येते हे मला कळते. पण रीत माणसांनीच घातलेली असते, आणि 2023 मध्ये अंदमानातल्या 21 बेटांना परमवीरांची नावे देताना आपण नवी रीत घातलीच की.

घोरपडीच्या युद्ध स्मारकात आयएनएस त्रिशूळची प्रतिकृती आहे, ती तुला आठवत असेल. नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले ते स्मारक आजीला फार आवडते, म्हणून आपण तिला घेऊन जात असू, आणि तू त्या जहाजापाशी उभी राहून तोफा मोजत असायचीस. त्या प्रतिकृतीत तोफा आहेत, डोलकाठी आहे, कप्तान उभा राहतो तो ब्रिज आहे. खाली काय आहे ते दिसत नाही, आणि मीही तेव्हा तुला ते सांगितले नाही. आता तू ते स्वतः पाहशील. चिल्काचे शिक्षण आटोपून तू लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत येशील असे धरून मी चाललो आहे. 1945 पासून नौदलाची इंजिने चालवणारी माणसे तिथे घडली आहेत. पुण्याहून लोकलने तुला भेटायला येता येईल, या विचाराने आई आजच खूश आहे.

तिथे जहाजात पाणी शिरल्यावर भोके कशी बुजवायची, आग कशी विझवायची, याचाही सराव करून घेतात. तो मन लावून कर. इंजिन शिकण्याची घाई करू नकोस. आधी ऐकायला शीक, चांगल्या इंजिनाचा आवाज कानात इतका मुरू दे की बिघडलेला आवाज झोपेतही कळावा. जी जुनी माणसे हाताने शिकवतील त्यांचे शब्द वहीत लिहून ठेव. आणि ज्या जहाजावर तुझी नेमणूक होईल त्याच्या इंजिनरूममध्ये पहिल्यांदा उतरशील त्या दिवशी बाकी सगळे पाहायच्या आधी वर येण्याचे रस्ते पाहा. नेहमीच्या शिडीखेरीज संकटकाळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग असतो. धुरात आणि अंधारात तो सापडला पाहिजे, म्हणून डोळे मिटून, हाताने चाचपत, आपल्या जागेपासून तिथपर्यंत जाऊन पाहा, आणि पायऱ्या किती आहेत, झाकण कुठल्या बाजूला उघडते, ते मला पत्रात लिही.

आजीचे आणि आईचे आशीर्वाद.

तुझे,
बाबा